मावशीचा श्वास मावेल एवढी फाइल

गेल्या भुलाबाईच्या सणाच्या दिवसांत मी खाप्याला मावशीकडे गेले होते. आईलाही यायचं होतं, पण गुडघ्यांमुळे ती जरीपटक्यातल्या आमच्या घरीच राहिली. लहानपणी या दोघी बहिणी भुलाबाईची गाणी मिळून म्हणायच्या, एक ओळ मावशीची, एक आईची. या वेळी मावशी एकटीच टिपऱ्या घेऊन गायला बसली. आईची ओळ आली की ती थांबायची, नुसत्या टिपऱ्या वाजवायची. मी सगळं फोनवर रेकॉर्ड केलं, अगदी उत्तम दर्जाचं.

फाइल एवढी मोठी झाली, की आईच्या जुन्या फोनात मावेना. तो नातवंडांच्या फोटोंनी भरलेला, आणि त्यातला एकही फोटो काढून टाकायची तिची तयारी नव्हती. मग सदर भागातल्या माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी एका ॲपमधून गाण्यांची फाइल पार लहान करून तिला पाठवली.

संध्याकाळी घरी आले, तर आई फोन कानाशी धरून बसलेली.

"आवाज तं तिचाच आहे वं. पण टिपऱ्या ओल्या लाकडाच्या काहून वाटून राहिल्या?"

मी समजावलं, की आपल्या कानाला सहसा कळणार नाही तेवढं ॲप गाळून टाकतं. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज पहिला जातो. फाइल फारच लहान करायची म्हटलं, की कळणारंही जायला लागतं.

"मंग तिचा श्वासही त्यानंच गाळला," आई म्हणाली. "ओळ संपली की ती श्वास घेते ना, तो ऐकूनच मी उचलते. आता मले कळतच नाही कधी सुरू करू."

मला हसू आलं, पण ती अगदी मनापासून बोलत होती. मी हेडफोन लावून ऐकलं. खरंच, श्वासाच्या जागी नुसती खरखर होती.

मग आम्ही दोघी त्याच कामाला लागलो. मी मूळ रेकॉर्डिंगवरून थोडी मोठी फाइल करायची, आईनं डोळे मिटून ऐकायचं. पहिल्या खेपेला टिपऱ्या सुधारल्या, श्वास नाही. पुढच्या खेपेला आईनं हात वर केला आणि थेट आपली ओळ उचलली. पुरतं गाणं म्हटलं, मधे एक शब्द चुकली, स्वतःशीच हसली. मी आणखी मोठी फाइल ऐकवली, तर म्हणाली, "यात आणि त्यात मले काही फरक नाही वाटत. तेच राहू दे."

ती फाइल मूळच्यापेक्षा कितीतरी लहान होती. तिच्या फोनात मावली, सगळ्या फोटोंसकट. मूळची मी माझ्या कॉम्प्युटरवर ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर आई मावशीशी फोनवर भांडत होती.

"दुसरं गाणं तू लय धावत म्हटलं वं! माह्या ओळीले जागाच नाही ठेवली!"

पलीकडून मावशी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. आईचं हसणं मात्र स्वयंपाकघरापर्यंत येत होतं.