खोटी शून्यं

"बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरची लक्षणं दिसतायत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मी शाळामास्तर असल्यानं माझ्या डोळ्यांपुढं आली ती आमची बॉर्डरवरची मुलं. पस्तीस मार्कांच्या आसपास घुटमळणाऱ्या पोरांना आम्ही स्टाफरूममध्ये तसंच म्हणतो. जादा तास घेतले, चार प्रश्न घोटून घेतले की ती पास होतात. मला हायसं वाटलं. मी विचारलं, "म्हणजे थोडक्यातच आहे ना?"

 मॅडमनी सावकाश समजावून सांगितलं. काही मुलांच्या भावना लवकर पेटतात, फार जोरात पेटतात आणि विझायला वेळ घेतात. आपल्याला कुणीतरी सोडून जाणार ही भीती त्यांच्या मनातून हलत नाही. ते सगळं असह्य झालं की ती स्वतःलाच इजा करतात. "वय पंधरा आहे, म्हणून मी पक्कं निदान लिहीत नाही, लक्षणं म्हणते," त्या म्हणाल्या. "पण इजा खरी आहे. थोडक्यात काही नाही, सर."

माझी मुलगी बाहेर बाकावर आईशेजारी बसली होती. ती तेव्हा नववीत होती. तिचं नाव मी बदलतोय. बदललेलं नाव तिनंच निवडलंय, मैथिली. हे लिहायची परवानगीही तिचीच आहे. एक अट तिची, एक डॉक्टरांची. तिची अट अशी की मी तिला बिचारी म्हणायचं नाही. डॉक्टरांची अट मी पुढं सांगतो.

आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतो. मी मंगळवेढ्याच्या बाजूला एका हायस्कुलात मराठी शिकवतो, रोज एसटीनं जातो-येतो. बायको सुनंदा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दोघंही दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांत. आपल्या पोरीनं एप्रिलमध्ये पूर्ण बाह्यांचा ड्रेस का घातलाय, हे विचारायला आम्हाला दीड महिना लागला. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या उन्हात माणूस कातडीसुद्धा काढून ठेवेल. मी मात्र समजत होतो, पोरगी वयात आली, लाजते.

लक्षणं आधीही होती. मैत्रिणीनं दोन तास मेसेजला उत्तर दिलं नाही की जग बुडायचं. सकाळी "पप्पा, तुम्ही बेस्ट आहात", संध्याकाळी "तुम्ही माझे कुणीच नाही". मी याला नाटकं म्हणायचो. सांगोल्याची माझी बहीण आली होती, ती म्हणाली, "दादा, कुणाची तर नजर लागलीया पोरीला. अंगारा लाव की." आम्ही तोही लावला. मैथिली निमूट बसून राहिली. बाहीखाली काय होतं ते अंगारा लावणाऱ्यालाही दिसलं नाही.

डॉक्टर मॅडमनी झोपेसाठी आणि उदासीसाठी थोडं औषध दिलं, पण म्हणाल्या, मुख्य उपचार गोळीत नाही. त्याचं नाव डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी, सगळे डीबीटी म्हणतात. डायलेक्टिकल या शब्दानं मी घाबरलो होतो, पण अर्थ साधा आहे. दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तू आहेस तशी ठीक आहेस, आणि तुला बदलायलाही हवं. आम्ही आईबाप आळीपाळीनं यातली एकच गोष्ट सांगतो आणि पोर वेडंपिसं होतं.

हे शिकलेल्या एक मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून एकदा मैथिलीला एकटीला भेटायच्या. त्यांना आम्ही ताई म्हणू लागलो. शनिवारी दुपारी गट भरायचा. चार मुलं आणि त्यांचे पालक, सगळे सतरंजीवर. तिथं मुलांबरोबर आम्हालाही शिकवायचे. भावनेचा लोंढा आला की पहिली दहा मिनिटं कशी काढायची, हे पहिलं. चेहऱ्यावर गार पाणी, हातात बर्फाचा खडा, जिने भराभर चढणं-उतरणं. याला डिस्ट्रेस टॉलरन्स म्हणतात, म्हणजे दुःख वाढू न देता सोसायचं कसब. सुनंदानं फ्रीजमधल्या ट्रेवर चिकटपट्टी लावून लिहिलं, "मैथिलीचा बर्फ. सरबताला वापरू नये." पोरगी ते वाचून खूप दिवसांनी हसली.

आणि होतं डायरी कार्ड. एक छापील कागद, आठवड्याचे सात रकाने. राग, दुःख, लाज, भीती, आणि स्वतःला इजा करण्याची इच्छा. प्रत्येकापुढं रोज शून्य ते पाच यांतला आकडा लिहायचा. कुठलं कसब वापरलं तेही लिहायचं. ताईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "सर, हे कार्ड तिचं आणि माझं. तुम्ही वाचायचं नाही. धोका असेल तर मी स्वतः तुम्हाला सांगेन."

मी हो म्हणालो. आणि तिसऱ्या आठवड्यात वाचलं.

कार्ड अभ्यासाच्या टेबलावर होतं. बुधवारच्या रकान्यात इच्छेपुढं चार लिहिलेलं होतं.  मी ताईंना फोन करायला हवा होता. त्याऐवजी मैथिलीला समोर बसवलं आणि तासभर बोललो. तुला काय कमी आहे, आम्ही कुणासाठी राबतो, आईकडं बघ जरा. मी चांगला वक्ता आहे, निरोपसमारंभात लोक रडतात. मैथिली रडली नाही. ती मान हलवत राहिली. त्या दिवशी मी ताट तसंच सारून उठलो. पुढचे कितीतरी दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पुढच्या आठवड्यात कार्ड त्याच जागी पडलेलं होतं. इच्छेपुढं तीन, तीन, दोन. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन, एक. मग शून्य. सगळा आठवडा शून्य.

आता जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. बावीस वर्षांची सवय. समोर कागद आला की खिशातलं लाल पेन आपोआप निघतं. मी त्या कार्डाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली, खाली तारीख टाकली, सही केली आणि लिहिलं, "छान प्रगती."

चार आठवडे मी ती शून्यं तपासत होतो. मैथिली कार्ड टेबलावर उघडं ठेवायची, मी तपासायचो, ती दप्तरात भरायची. दोघंही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. ताई सहीबद्दल विचारायच्या तेव्हा ती सांगायची, पप्पांना मीच दाखवते, आकडे खरे आहेत. मी मात्र एसटीत खिडकीशी बसून शीळ घालत होतो. स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, आमची पोरगी सुधारली.

शून्यांच्या पाचव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी सव्वादोनला, सुनंदाचा फोन आला.

डॉक्टरांची अट ती हीच. त्या दिवशी मैथिलीनं काय केलं, कशानं केलं, हे मी लिहायचं नाही. हे वाचणाऱ्यांत एखादं तिच्यासारखंच मूल असेल, त्याच्या हातात ते पडायला नको. मी एवढंच लिहितो की सुनंदाला त्या दिवशी कारखान्यातून लवकर सोडलं होतं. कारखान्याच्या भागातली वीज गेली होती म्हणून. माझी मुलगी आज आहे ती त्यामुळं.

मंगळवेढ्याहून सोलापूरपर्यंतच्या त्या प्रवासातलं मला एवढंच आठवतं, की माझ्या शेजारी एक बाई ज्वारीचं पोतं सांभाळत बसली होती आणि सारखी विचारत होती, "भाऊ, बरं वाटंना व्हय?" 

आयसीयूच्या बाहेर तीन दिवस. तिथली बाकं लोखंडी आहेत आणि पंख्याचं एक पातं वाकडं आहे. नर्स दार उघडून एखादं आडनाव पुकारायची आणि सगळे नातेवाईक एकदम उभे राहायचे. आमचं आडनाव आलं की मला उठताच यायचं नाही. सुनंदा जायची. तिसऱ्या दिवशी ती बाहेर येऊन म्हणाली, "पाणी मागितलं तिनं." मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडली.

वॉर्डात आणल्यावर ताई आल्या. काही दिवसांनी, मैथिली तयार झाल्यावर, त्यांनी आम्हा तिघांना बसवून चेन अॅनॅलिसिस केलं. म्हणजे त्या मंगळवारपासून मागं मागं जात, एकेक कडी शोधत जायचं. कुठली कडी वेगळी असती तर साखळी तुटली असती, ते बघायचं. दोष कुणाला द्यायचा नसतो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. कड्या बऱ्याच निघाल्या. एक मैत्रीण, घटक चाचणी, न झालेली झोप. मग ताईंनी विचारलं, "कार्डावर शून्य होतं. खरं किती होतं?"

"चार. कधी पाच," मैथिली म्हणाली.

"मग शून्य का लिहिलंस?"

ती चादरीच्या काठाला चिमटीनं घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "शून्य लिहिलं की पप्पा जेवायचे."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. मी शिकवत असलो, वह्या तपासत असलो, एसटीच्या रांगेत असलो तरी ते येतं. माझ्या पोरीनं मला जेवता यावं म्हणून स्वतःचं मरण माझ्यापासून लपवलं होतं, आणि मी त्यावर सही करत होतो. ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, आम्ही तिचा ताप मोजत होतो. तुम्ही परीक्षा समजलात. चूक माझीही आहे. तुमची सही दिसल्यावर तिच्या एका शब्दावर विश्वास ठेवायला नको होता, तुम्हाला लगेच बोलवायला हवं होतं." त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

डीबीटी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. घरातली औषधं कुलपात गेली. खोलीची आतली कडी काढली, तीही मैथिलीशी बोलून. मला शिकायचं होतं ते व्हॅलिडेशन. समोरच्याला जे वाटतंय ते वाटणं समजण्यासारखं आहे, असं मान्य करायचं. तो म्हणेल ते पटलंच पाहिजे असं नाही, पण सल्ला लगेच द्यायचा नाही. मास्तराला यापेक्षा अवघड काय असणार! मी घरी म्हणायचो, "तुला राग आलाय हे मला समजतंय." मैथिली म्हणायची, "पप्पा, ताईंचं वाक्य पाठ करून आलाव काय?" आलो होतोच.

एका शनिवारी गटात ताईंनी पालकांना विचारलं, तुम्ही मुलांपासून काय लपवता? सांगोल्याचे एक डाळिंबवाले होते, मुलाला घेऊन यायचे. ते म्हणाले, "म्या लई वरडतो मॅडम, ते लपत न्हाय. पर वरडून झालं की बागंत जाऊन रडतो, ते ह्याला म्हाईत न्हाय." त्यांचा मुलगा त्यांच्याकडं बघतच राहिला.

माझी पाळी आली. छान बोलायचं ठरवून गेलो होतो, आणि तोंडातून निघालं, "मला माझ्या मुलीची भीती वाटते. ती हसली तरी वाटते."

 मैथिली खाली बघत म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला माझा राग येतो." आणि थोड्या वेळानं, "भीती चालेल मला."

त्याला आता अडीच वर्षं झाली. मैथिली बारावीत आहे. बरी झाली असं मी म्हणत नाही, ती स्वतःही म्हणत नाही. वाईट दिवस येतात, पण लांब लांब येतात, आणि त्यातून परत यायची वाट तिला माहीत झाली आहे. माझं म्हणाल तर मी अजून पूर्ण परतलेलो नाही. वर्गात हजेरी घेताना एखाद्या नंबरानंतर उत्तर आलं नाही की मी पेन धरून तिथंच थांबतो. पोरं ओरडतात, "सर, ती गावाला गेलीय!" मग मी पुढचा नंबर घेतो.

तुमच्या घरात असं मूल असेल तर एवढं ऐका. ते जगावंसं वाटत नाही म्हणालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या. त्याला नाटक म्हणू नका. आणि त्यानं खरं सांगितल्यावर तुमचा चेहरा पडला तरी चालेल, पण त्या चेहऱ्याची काळजी मुलावर टाकू नका. मला हे शिकवणाऱ्या ताईंचे, डॉक्टर मॅडमचे आणि त्या आयसीयूतल्या नर्सचे उपकार फिटायचे नाहीत.

गेल्या महिन्यात माझा पाचवा तास सुरू होता आणि फोन वाजला. मैथिली होती, कॉलेजच्या मैदानावरून. "पप्पा, आज चार आहे," ती म्हणाली. "येऊ नका. मी एकटी नाही, वर्गातली रेश्मा शेजारी बसलीय. ताईंना मेसेज केलाय, त्या वीस मिनिटांनी फोन करणार. तोवर काही बोलू नका. नुसते लाइनवर राहा."

मी वर्गाबाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. तोंडात वाक्यं नुसती गर्दी करत होती. मी एकही उच्चारलं नाही. तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता, कुणीतरी बॉल टाकत होतं, एकदा ती रडली, एकदा रेश्मा काहीतरी म्हणाली. खिडकीतून माझी पोरं बघत होती, की सर फोन कानाला लावून उभे आहेत आणि बोलत मात्र नाहीत. वीस मिनिटांची पंचवीस झाली.

"ताईंचा फोन येतोय, ठेवते," ती म्हणाली. "थँक्यू, पप्पा."

 मी लिंबाच्या पारावर बसलो. चार म्हणजे किती, ते मला माहीत होतं. तरीही गेल्या तीन वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तिनं खरा आकडा सांगितला होता, आणि मला सांगितला होता.