एकाच मापाचे दोन रेनकोट

माझी साडी घ्यायची असली की माझा नवरा दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोबाइल चाळतो. आतून हाक मारली तर मान न वळवता म्हणतो, "चांगली हाय, घे." तोच माणूस एका रेनकोटासाठी तीन आठवडे उठता-बसता शिवणी, चेन आणि कॉलर यांवर बोलत होता. रेनकोट त्याच्या एकट्याचा असता तर मी सोडून दिलं असतं. पण घ्यायचे होते दोन, एकाच मापाचे आणि एकाच रंगाचे. एक त्याला आणि एक त्याच्या मित्राला.

नवरा दौंडला रेल्वेत आहे. आम्ही राहतो न्हावऱ्याला. थोडा ऊस, थोडा कांदा आणि तीन गाई आहेत, त्या सोडून कॉलनीत कुठं जायचं, म्हणून तो रोज मोटरसायकलनं जाऊन-येऊन करतो. मित्र त्याच्याच खात्यातला. लग्न केलेलं नाही, रेल्वे कॉलनीत एकटा राहतो. गेली चार वर्षं पावसाळ्यातला रविवार या दोघांचा ठरलेला असतो. मित्र सकाळी सकाळी दौंडहून आमच्या दारात येतो, माझ्या हातचे पोहे खातो, "वहिनी, मीठ एकदम बरोबर," म्हणतो, आणि मग दोघं आपापल्या गाड्यांवर घाटाकडं निघून जातात. नवऱ्याच्या मागच्या सीटवर बॅग बांधलेली असते. त्या बॅगेकडं बघून माझं डोकं फिरायचं. ती जागा माझी होती.

माझं माहेर वडगाव रासाई, भीमेच्या काठचं. आमच्या भागात पाऊस तसा बेताचाच. पण इकडं आभाळ कोरडं असताना नदी मात्र गढूळ होऊन फुगायची आणि आई म्हणायची, "वर घाटात पडला." तो घाटात पडणारा पाऊस मला लहानपणापासून बघायचा होता. लग्न ठरलं तेव्हा मुलाकडं मोटरसायकल आहे असं कळलं आणि मला पहिला आनंद त्याचाच झाला. सुरुवातीचं वर्षभर त्यानं फिरवलंही. रांजणगाव झालं, जेजुरी झाली. मग मुलगी झाली, गाई वाढल्या, आणि घाट राहूनच गेला. आता मुलगी शिकायला पुण्यात असते. मी रविवारी मोकळीच असते. हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

रेनकोटाची निवड म्हणजे त्या दोघांचा साखरपुडाच होता म्हणा. सकाळी डेअरीत दूध घालून आला की नवरा फोन कानाला लावायचा. जुने प्लास्टिकचे कोट बाहेरचं पाणी अडवतात, पण दोन तास गाडी चालवली की आत घामानं भिजतो, म्हणून ते नकोत. कापड असं हवं की वाफ बाहेर जाईल. शिवणीवर आतून पट्टी मारलेली हवी, कारण पाणी कापडातून येत नाही, सुईच्या भोकातून येतं. चेनवर दुहेरी झडप हवी. आणि पँट! पँटीवर तर आठवडा गेला. गाडीवर बसलं की टाकीवरून ओघळलेलं पाणी बरोबर दोन मांड्यांच्या मधे साठतं आणि तिथली शिवण आधी हार मानते, हे मला इतक्यांदा ऐकावं लागलं की मी परीक्षेला बसले असते तर पास झाले असते. एका सुट्टीच्या दिवशी दोघं दौंडहून रेल्वेनं पुण्याला गेले. दुकानात कोट घालून बाहेर लावलेल्या कोणाच्या तरी गाडीवर बसून बघितलं म्हणे, हँडल धरल्यावर बाही मनगटावरून वर सरकते का. हे सांगताना नवऱ्याचा चेहरा असा खुलला होता की माझ्या जिवाची आग आग झाली.

त्याच्या आधीच, भाकरी थापता थापता, मी म्हणून बघितलं होतं, "दोन घेताय तर तीन घ्या की. एक मला."

"तुला कशाला? तू कुठं पावसात जातीस?"

त्याला लागेल असं बोलायचं नव्हतं, साधंच बोलला तो. म्हणूनच जास्त लागलं.

कोट आले. काळे, बाहीवर चमकती पट्टी. अजून आमच्याकडं पावसाचा पत्ता नव्हता, तर हे दोघं घासाच्या वाफ्यात स्प्रिंकलरखाली जाऊन उभे राहिले. आत दोघांनी राखाडी बनियन घातलेले, म्हणजे थेंबभर ओल आली तरी डाग दिसावा. रणरणत्या उन्हात दोन बाप्ये हेल्मेटासकट भिजतायत आणि मी कॉक सोडायला उभी. बांधावरून जाणारे एक आप्पा थांबले आणि मला म्हणाले, "काय गं पोरी, ह्यांना काय झालंय?" मी म्हणाले, "मला कशाला विचारता, त्यांनाच विचारा." दोघं आतून कोरडे ठणठणीत निघाले. बाहीवरून पाणी गोळ्या होऊन घरंगळत होतं. नवरा खूष होऊन मित्राला म्हणाला, "बघ, कांद्याच्या पातीगत हाय. एक थेंब थांबत न्हाई."

कांद्याची पात मला शिकवायला नको. पातीवर मेणासारखा थर असतो, नुसतं औषध मारलं तर घसरून खाली पडतं, म्हणून पंपात स्टिकर टाकायचा. बाटलीतलं ते तेलकट पाणी झाकणभर टाकलं की औषध पातीला धरून बसतं. आमच्या घरात स्टिकर मीच मोजून टाकते. त्या दिवशी कॉक बंद करताना माझ्या डोक्यात ते येऊन गेलं.

मित्राच्या खोलीत कोट वाळवायला जागा नव्हती म्हणून दोन्ही कोट आमच्याच पडवीत खुंटीला राहायला लागले. अदलाबदल नको म्हणून नवऱ्यानं मला सांगितलं, मित्राच्या कोटाच्या कॉलरला आतून काहीतरी खूण कर. मी लाल दोऱ्याचे चार टाके घातले. दुसऱ्या बाईच्या पोलक्याला माझ्या घरात काजं करावीत, तसं वाटलं मला.

एका मंगळवारी दुपारी मी बादलीत पाणी घेतलं. पंपाला स्टिकरचं एक झाकण पुरतं, मी चार टाकली. लाल दोऱ्याचा कोट त्यात बुचकळला, आतून बाहेरून चोळला, शिवणीवरून जरा जास्तच, आणि न खळबळता तारेवर वाळत घातला. बरं वाटलं मला. एकदा भिजू दे, थंडी भरू दे, म्हणजे रविवारी पोहे खायला यायचा नाही, एवढाच माझा हिशोब होता.

रविवारी संध्याकाळी दोघं परत आले. मित्र कोरडा. नवरा मात्र काकडत होता, दात वाजत होते, आतला शर्ट पिळला तर पाणी निघालं. मी त्याच्या अंगातून काढलेला कोट उलटा करून बघितला तर कॉलरला लाल दोरा. निघताना घाईत बदलला असेल, असं मी मनाला समजावलं. पण पुढच्या रविवारी त्यानं स्वतः खुंटीवरून लाल दोरा बघून तोच कोट काढला. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच. मग खोकला लागला.

काढा देताना मला राहवलं नाही. "तो तुमचा न्हाई. लाल दोऱ्याचा त्यांचा हाय."

"ठावं हाय."

"मग?"

"पयल्याच घाटात त्याच्या कोपराला फेस आला. पाऊस पडंल तसा फेस. आन् मग पाणी आत शिरायला लागलं. मी काय कांद्याला फवारणी केली न्हाई का कधी?" तो फुंकर मारत काढा प्यायला. "मी माझा कोट त्याला दिला."

"त्यांना सांगितलं?"

"काय सांगू?"

"मग मला तरी बोलायचं."

"तू बोलशील म्हणलं."

तीन रविवार हा माणूस माझ्या बोलण्याची वाट बघत भिजला होता, आणि मला त्याचीही आधी असूयाच वाटली. मित्राला कोरडं ठेवायला भिजला ना! माझ्यासाठी कधी भिजला होता? हेच तोंडातून बाहेर यायचं, पण निघालं दुसरंच. मी म्हणाले, "मला यायचंय. ती बॅग सोडा आन् मला बसवा."

"पयल्यांदाच म्हणालीस."

"दुसऱ्यांदा," मी म्हणाले. "तिसरा कोट मागितला व्हता तवा."

त्या रविवारी तिघं होतो आणि कोट दोन. नवऱ्यानं स्वतःसाठी जुना प्लास्टिकचा काढला. मित्रानं लाल दोऱ्याचा कोट स्वतः अंगात चढवला आणि चांगला माझ्यापुढं धरला. "वहिनी, तुम्ही ह्यो घाला." मी नको म्हणाले, पण फार जोरात म्हणाले नाही. पँट लांब होत होती, तिला खालून रबरं लावली.

खेड सोडल्यावर पाऊस लागला आणि घाटात तर आभाळच खाली आलं. डोंगरावरून जागोजाग पांढरं पाणी उतरत होतं. आई म्हणायची तो पाऊस हाच, आणि मी त्यात नवऱ्याच्या खांद्याला धरून बसले होते, आतून कोरडी. पण समोर मित्राची गाडी होती. पाठीवरचा त्याचा कोट ओल धरत गेला, आधी खांद्यावर, मग कण्यावर, मग सगळाच अंगाला चिकटला. थोड्या थोड्या वेळानं तो वळून हात करायचा, वहिनी ठीक आहेत ना म्हणून. तो वळला की मी दुसरीकडं बघायचे.

भीमाशंकरच्या अलीकडं एका टपरीवर थांबलो. मित्रानं बाही खाली केली तर बाहीतून पाण्याची धार पडली. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी सरळ म्हणून टाकलं, "भावजी, तुमचा कोट मी बिघडवलाय. मुद्दाम. स्टिकर लावून."

मित्रानं माझ्याकडं नाही, नवऱ्याकडं बघितलं. नवरा कपात बघून हसला. मग दोघंही हसले.

"ठावं हाय वहिनी. फेस आला तवाच ह्यो म्हणला, आमच्या घरचा माल हाय."

लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्याआधी जळजळच झाली. माझा गुन्हासुद्धा त्या दोघांनी मिळून, माझ्या मागं, इतके रविवार सांभाळून ठेवला होता. मी फणकाऱ्यानं विचारलं, "ठावं व्हतं तर आज कशाला घातला?"

"तुम्ही पयल्यांदा आला. भिजला असता तर परत आला नसता." मग कप खाली ठेवून तो जरा घुश्शातच बोलला. "आन् तुम्ही आलेल्या बऱ्या. दर रविवारी दुपार झाली की ह्याचं सुरू, घरी ती एकटी हाय, चल माघारी. चार वर्षांत ह्या घाटाचा शेवट मला ह्यानं कधी बघू दिला न्हाई. तुमचा मला लई राग यायचा वहिनी."

नवरा एकदम टपरीबाहेर जाऊन गाडीची चेन बघायला लागला. मित्र माझ्यासमोर थंडीनं कुडकुडत उभा होता आणि मी त्याच्या वाट्याच्या चांगल्या कोटात उबेत बसले होते. चार वर्षं तोही माझ्यावर जळत होता. घाटातला पाऊस मी आयुष्यभर बघायचा म्हणत होते, तो त्या दिवशी बघितला. पण खरं सांगते, त्या पावसापेक्षा मला त्याचं ते बोलणं जास्त आवडलं.