काचपेपरानं घासलेल्या काड्या

खर्रा सुटून महिना झाला होता, पण तोंड उघडत नव्हतं. वीस वर्षं गालात दाबलेल्या त्या सुपारी-तंबाखूनं गाल आतून असे ताठ केले होते, की भाकरीचा तुकडा आडवा सरकवावा लागे. वर्ध्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या दिल्या. एकावर एक रचून पुढच्या दातांत पाच मिनिटं धरायच्या, दिवसातून चार वेळा.

"आज आठ जातात. हळूहळू एकेक वाढवा. महिन्यात तेरा झाल्या नाहीत, तर ऑपरेशन."

ऑपरेशन मला नको होतं. पहिला आठवडा इमानदारीनं केलं, नववी काडी गेली. मग कंटाळा आला. बायको मात्र रोज सकाळी समोर बसून मोजायची. आता आष्टीत माझं हार्डवेअरचं दुकान, काचपेपर गठ्ठ्यानं पडलेला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की एकेक काडी घासत बसे. व्यायामाला पाच मिनिटं नव्हती, घासायला अर्धा तास होता. तेरावी गेली त्या दिवशी बायकोनं शिरा केला. तो मी खाल्लाही.

तपासणीला ती सोबत आली. "तेरा जातात जी, मी सोता मोजल्या," तिनं बाईंना सांगितलं.

बाईंनी नव्या काड्यांचं पाकीट फोडलं. आठ गेल्या. नऊ गेल्या. दहावी रेटली तशी डोळ्यांत पाणी आलं.

"घरच्या दाखवा."

बायकोनं पर्समधून काढल्या. बाईंनी नवी आणि जुनी शेजारी धरली.

"ह्या पातळ काऊन झाल्या?" बायकोनं मलाच विचारलं.

"थुंकीनं झिजल्या असतील."

"थुंकीनं लाकूड झिजते? मंग तुमची जीभ काऊन नाई झिजली अजून?"

बाई हसल्या नाहीत. "एक काडी खरी वाढली आहे. कधीची?"

"पहिल्या आठवड्यातली," मी म्हणालो.

"म्हणजे केलं की होतं. पंधरा दिवस देते. अकरा नाही झाल्या, तर तारीख घेऊ."

बाहेरच्या बाकावर बायकोनं नवं पाकीट उघडलं.

"बस जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या. आ करा."

बाकावरचे लोक बघत होते. नऊ काड्या बसल्या. दहावी तिनं स्वतः धरली. काडीचा एक कोपरा दातांखाली शिरला.

"दुखते का?"

मी मान डोलावली. तिनं काडी काढली नाही.