मामा सगळ्यांना विचारायचा

अख्ख्या सुरतेत माझ्या मामाइतकं मोठ्यानं कुजबुजणारा माणूस झाला नाही आणि होणार नाही. मामा दातांचा डॉक्टर. डिंडोलीच्या मराठी वस्तीत आमच्या घराखालच्याच गाळ्यात त्याचा दवाखाना, आणि त्याचं गुपचूप बोलणं पलीकडच्या पानवाल्याला ऐकू जायचं. बोलायची हौस तर दांडगी! पेशंटच्या तोंडात कापूस कोंबायचा आणि मग विचारायचा, "काय हो, यंदा धुळ्याकडे कपाशी कशी?" पेशंट बिचारा "अँ अँ" करायचा. मामा म्हणायचा, "वा, छान!" आणि पुढचं पुराण सुरू.

फक्त एका प्रश्नाआधी तो कापूस काढायचा. "एचआयव्हीची तपासणी करता का? रक्त मी घेतो, लॅबला पाठवतो. नको असेल तर नको." नव्वदीच्या दशकात ते नाव काढलं तरी लोक खुर्ची लांब सरकवत. बाकीचे दातांचे डॉक्टर मामाला वेड्यात काढायचे. एकजण तर घरी येऊन म्हणाला, "अरे भाई, आपलं काम दाताचं. रक्तात कशाला शिरतोस? घराकी तुटेल!" मामा म्हणाला, "ताप आला तर हे लोक अंगावर काढतात, दाढ ठणकली की धावत येतात. मग मी नाही विचारायचं तर कोणी?" घराकी तुटलीसुद्धा थोडी, काही जुने पेशंट दुसरीकडे गेले. पण मामानं शाळेच्या हेडबाईंना विचारलं, कवळी घ्यायला आलेल्या माझ्या म्हाताऱ्या आत्यालाही सोडलं नाही. आत्या म्हणाली, "मेल्या, माझी कवळी तेवढी बघ!"

आणि मग मला बघायला जळगावची मंडळी आली. मुलगा मला आवडला होता, खोटं कशाला बोलू? त्याचे वडील बँकेत साहेब. त्यांनी घारीचा, आमच्या सुरती मिठाईचा, तुकडा तोंडात टाकला आणि गाल धरून असे किंचाळले की माझ्या हातातले पोहे सांडले. सगळी वरात खाली दवाखान्यात. नेमके लाइट गेलेले, म्हणून नवी साडी नेसून मी टॉर्च धरून उभी. आई पडद्याआडून मामाला हातवारे करत होती, आज नको रे, आज नको! मामानं माझ्याकडे बघितलं. मग बाहेरच्या बाकाकडे बघितलं. तिथं कापडाच्या लूमवरचा एक कामगार सुजलेला गाल धरून बसला होता. मागच्या खेपेला तो तपासणीचं ऐकून लाजून पळाला होता. मामानं साहेबांच्या तोंडातला कापूस काढला आणि कुजबुजत तोच प्रश्न विचारला.

साहेब ताडकन उठले. "मी सभ्य माणूस आहे!"

"आहातच. तुम्ही नाही म्हणा, दाढ मी बघतोच. पण तुम्हाला न विचारता सोडलं, तर बाहेर बसलेत त्यांना कुठल्या तोंडानं विचारू?"

साहेब दुखऱ्या दाढेसकट जळगावला गेले. मुलगा त्यांच्या मागोमाग. आई पाय आपटत वर गेली. तेवढ्यात पडदा सरकवून तो कामगार आत आला. "डॉक्टर, एवढा मोठा मानूसले बी इचारतस, मंग माले कसानी लाज? ल्या मनं रगत." त्याचा रिपोर्ट काय आला, ते मामानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. हो, आमच्या मामानं!

दवाखाना बंद करून मामा जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. वर जायची हिंमत होईना. "ताई फार चिडलीय का गं?"

"मीही चिडलेय," मी रडत म्हटलं. "पुन्हा कुणी आलं तरी विचारशीलच ना?"

"विचारीन गं. काय करू?"

पुढच्या वर्षी दुसरी मंडळी आली, तेव्हा मामा दवाखान्याला कुलूप लावून सकाळीच कुठंतरी निघून गेला. दिवसभर जेवलासुद्धा नव्हता, हे मला नंतर कळलं. स्थळ जमलं. लग्नात मामानं मला मंडपात आणलं तेव्हा मीच त्याचा हात घट्ट धरला.