'क' नसलेला दिवस

सकाळी छापखान्याचं दार उघडलं की मल्लप्पा फोरमन हुकूम सोडायचे, "आज 'ळ' न्हाय." म्हणजे 'ळ'चे खिळे, ती शिशाची अक्षरं, झिजून कमी पडलीत, जुळवताना जपून वापरा. दुसरा कुणी एवढ्यावर थांबला असता. मल्लप्पांचं पुढं असायचं, "आन् बोलण्यात बी न्हाय. ज्याच्या तोंडून निसटंल त्यानं समद्यांचं पाणी भरायचं." मग 'सकाळ' म्हणता येईना, 'वेळ' विचारता येईना, आणि बाळू जुळाऱ्याला हाक कशी मारावी हा मोठाच पेच. आम्ही सहा बाप्ये, दिवसभर शाळकरी पोरांसारखे खिदळायचो.

सोलापुरात तेव्हा माणसं गिरणीच्या भोंग्यावर उठत-बसत. त्या शिस्तीत आमच्या मालकांना हा पोरखेळ कसा रुचणार? "छापखाना आहे की तमाशा?" ते विचारत. मल्लप्पा म्हणत, "खिळे शिशाचे हायत मालक, माणसं न्हायत. हसत जुळवलं की चूक लवकर दिसती." ते अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. कुणाची चूक झाली की "इरली, इरली," म्हणजे असू दे, म्हणत आणि स्वतः खिळा बदलून देत.

मी बोलताना अडखळतो. त्यातही 'क' म्हणजे माझा जन्माचा वैरी. जुळवायला माझा हात चांगला होता, पण मुद्रितं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे ठसे, तपासताना एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा असे. माझी पाळी आली की मालक कपाळाला हात लावत. एका शुक्रवारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दत्तू, सोमवारपासून दुसरीकडे बघ." घरी आई, बायको, दोन मुली.

शनिवारी सकाळी मल्लप्पांनी जाहीर केलं, "आज 'क' न्हाय."

काय, कुठं, कोण, एक, सगळंच बंद! मालकांना मालक म्हणायची सोय राहिली नाही. एरवी तोंडाचा पट्टा सोडणारे बाळूसारखे गडी शब्दाशब्दाला अडून उभे. आणि मी? मी तर जन्मभर हेच करत आलो होतो. 'क' समोर दिसला की बगल देऊन दुसऱ्या शब्दानं जायचं. त्या दिवशी मी पोपटासारखा बोललो.

दुपारी नवी पेठेतले एक कापडवाले हस्तपत्रक छापायला आले. मजकुरात ओळीओळीला 'कापड' आणि 'किफायत'. मल्लप्पा गंभीरपणे म्हणाले, "खिळे न्हायती. दत्तू, ते टाळून दुसरं लिवून दे." मी उभ्या उभ्या लिहिलं आणि मालकांच्या देखत वाचूनही दाखवलं: 'लुगडं असं नेसा, शेजारीण म्हणेल बसा.' कापडवाले पोट धरून हसले. "यापुढं आमचं सगळं हाच लिहील," म्हणाले. मालकांनी खाली मान घालून "बरं" म्हटलं.

सोमवारी मी कामावर होतो. मजकूर मी लिहायचा, वाचायचा बाळूनं, असं ठरलं. खिळ्यांची पेटी उघडली तर 'क'चे खण गच्च भरलेले. नवे नव्हेत, जुनेच. कान तुटलेला एक खिळा तर माझ्या चांगल्या ओळखीचा. मी मल्लप्पांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत बसले होते.

पुढं काही वर्षांनी ते कायमचे कुर्डुवाडीला निघाले, रेल्वेतल्या मुलाकडे. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच गेलो आणि इतक्या वर्षांनी विचारलं, त्या शनिवारी खिळे लपवलेत ना तुम्ही?

"व्हय. म्हटलं, एक दिस समद्यांनीच अडखळून बघावं की."

सारा छापखाना त्यांना काका म्हणे. मी कधीच म्हटलं नव्हतं, ते अक्षर आड यायचं. आज म्हणायचंच होतं. ओठ थरथरायला लागले, मान हलायला लागली. अशा वेळी लोक घाईनं माझा शब्द पुरा करून टाकतात, बायकोसुद्धा. मल्लप्पांनी नाही केला. गाडी हलली तरी ते खिडकीतून वाकून, माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. मी गाडीबरोबर चालत राहिलो आणि फलाट संपायच्या आत म्हणालो, "काका."