हे पाणी कोणी सोडलं?

मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते लांब समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटीतून गावात नेऊन सोडतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आदल्या रात्री मला झोप आली नसती. तशीही ती आली नव्हतीच. मुंबईहून संध्याकाळी निघालेलं आमचं जहाज सकाळी दीवसमोर थांबलं, तेव्हा मी नवा पंजाबी ड्रेस घालून, गळ्यात पर्स अडकवून डेकवर हजर होते, आणि आमचे हे केबिनमध्ये बुटांच्या नाड्या आवळत बसले होते. समुद्रकिनाऱ्यावर जायचं आणि पायात काळे बूट! दिवस चांगला जावा म्हणून मी सकाळपासून तोंडाला कुलूप घातलं होतं. मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की ते कुलूप तकलादू आहे.

ही सहल आमच्या मुलीने काढून दिली होती. वडील निवृत्त झाले त्याची भेट. जहाजावरून एका दिवसासाठी दीवमध्ये उतरायचं तर मोठ्या बसच्या गर्दीत नको म्हणून तिने आठ जणांची लहान गाडी निवडली होती. किल्ला, समुद्रकिनारा, खडकातलं महादेवाचं देऊळ आणि दुपारी परत बोट. निघायच्या आधी फोनवर तिने विचारलं, "आई, तुला तिथे काय काय करायचंय?" मी म्हटलं, "मला एकच करायचंय. तुझ्या बाबांचा हात धरून समुद्रात उभं राहायचंय." पलीकडे ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "बघ बाई, जमलं तर."

ती गप्प का झाली ते सांगायला हवं. माझं माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि परकर खोचून मी दिवसभर गंगेवर पडीक असायचे. मुलांच्या बरोबरीने उड्या मारायचे. पूर आला की पात्रातल्या मारुतीच्या उंच मूर्तीवर कुठवर पाणी चढलं ते बघायला धावायचो. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. नाशिककर पूर आजही असाच मोजतो. मला पाणी म्हणजे सण वाटायचा. आणि लग्न झालं ते पाटबंधारे खात्यातल्या माणसाशी. हे मूळचे इगतपुरीकडचे, नोकरी गंगेवरच्याच, नाशिकच्या वरच्या अंगाच्या एका धरणावर, दरवाजांपाशी. धरण भरत आलं की वरून फोन यायचा. मग भोंगा वाजायचा, जीपवर कर्णा बांधून हे नदीकाठच्या गावांतून ओरडत फिरायचे, "पाणी सोडणार हाय, नदीपात्रात कोणी उतरू नका," आणि परत येऊन दरवाजाचं बटण दाबायचे. लग्नानंतरचे सगळे पावसाळे आम्ही त्या फोनशेजारी बसून काढले. सुरुवातीला मला त्याचा काय तोरा होता! माहेरी गेले की सांगायचे, गंगेच्या पुरातलं निम्मं पाणी आमच्या ह्यांनी सोडलेलं असतं. निम्मं नव्हतंच, पण माहेरी कोण मोजायला बसलंय.

मग एका पावसाळ्यात, भोंगा वाजून गेल्यावर, जीप फिरून गेल्यावर, एक शेतकरी नदीकाठची पाण्याची मोटर उचलायला खाली उतरला आणि वर आला नाही. ह्यांच्या ओळखीचा माणूस. ह्यांची काही चूक नव्हती, कोणी तसं म्हणालंही नाही, त्याच्या घरचेसुद्धा नाही. घरी येऊन हे फक्त एवढंच बोलले, "बटण मी दाबलं." तेव्हापासून हे कधी पाण्यात उतरले नाहीत. ओढ्यात नाही, गंगेत नाही, सिंहस्थात सगळा देश आमच्या दारात येऊन डुबकी मारून गेला तेव्हाही नाही. आणि म्हणून मीही उतरले नाही. मी पाण्याकडे पाऊल टाकलं की ह्यांचा चेहरा असा व्हायचा, की पाऊल आपोआप मागे यायचं.

पण आता फोन नव्हता, भोंगा नव्हता, बटण दुसऱ्या कोणाच्या तरी बोटाखाली होतं. आता नाही तर कधी?

छोट्या बोटीत उतरताना खलाशाने माझा दंड धरला आणि मी अक्षरशः हसत सुटले. बोट वरखाली होत होती, तोंडावर खारे शिंतोडे उडत होते, समोर किल्ल्याची पिवळसर तटबंदी उन्हात मोठी मोठी होत होती. वयाच्या साठीला टेकलेली बाई अशी खिदळते हे बघून शेजारच्या चार मुलीही हसायला लागल्या. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसात एकत्र काम करणाऱ्या त्या मैत्रिणी आमच्याच गाडीत होत्या. हे मात्र बोटीच्या मधोमध, लाइफ जॅकेटचे पट्टे दोनदा तपासून, ताठ बसले होते. धक्का जवळ आला तशी त्यांची नजर दगडांवर गेली. दगडांवर खाली काळपट, ओली पट्टी होती आणि वर कोरडा भाग.

"इथवर येतं पाणी," ते म्हणाले.

"येऊ द्या," मी म्हटलं. कुलूप तुटायला सुरुवात झाली होती.

धक्क्यावर आमची गाइड उभी होती. चाळिशीची, सावळी, खणखणीत आवाजाची गुजराती बाई. आल्या आल्या तिने सगळ्यांना काका, काकी, बेटा करून टाकलं. गाडीत आणखी एक जोडपं होतं, मालेगावचं. त्यांचे यंत्रमाग होते. मी नाशिकची म्हटल्यावर भाभींनी नकाबाच्या आतून असा आनंदाचा चीत्कार काढला की जणू माझी मावसबहीणच भेटली. एरवी नाशिक आणि मालेगाव म्हणजे दोन टोकं, पण दीवमध्ये आम्ही गाववाले झालो. मी त्यांना चिवडा दिला, त्यांनी मला नानकटाई दिली आणि किल्ल्याला पोचेपर्यंत आमचं एकमेकींच्या मुलींच्या लग्नापर्यंत सगळं बोलून झालं.

किल्ल्यात मी एकही तोफ सोडली नाही. प्रत्येकीवर हात ठेवून फोटो. तटावरून बघावं तर तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि तो एका रंगाचाही नाही, जवळ हिरवट, पुढे निळा, लांब नुसता चकचकीत. मी ह्यांना ओढत ओढत दाखवत होते. हे बघत होते, नाही असं नाही. पण खाली भिंतीवर लाटा कुठे आपटतात ते बघत होते.

मग किनारा. काय सांगू, मी गाडीतून उतरले ती चालत गेलेच नाही, पळाले. मुली आधीच पाण्यात घुसल्या होत्या. मी ओल्या वाळूपर्यंत गेले आणि मागे वळून हाक मारली, "अहो, या!" हे नारळपाणीवाल्याच्या बाकड्यावर बसले होते आणि समोर चार मुलींच्या चपला ओळीने मांडून राखण करत होते.

"तू जा," ते म्हणाले. "मी हाय इथं."

हेच मला नको होतं. मी एकटी उतरले नाही. उतावळी मी होते, पण हट्टी त्याहून जास्त. मालेगावच्या भाभी मात्र बुरखा गुडघ्यापर्यंत उचलून सरळ लाटेत गेल्या आणि तिथून मला हात करायला लागल्या, "आओ ना बाजी, कुछ नहीं होता." मी ओल्या आणि कोरड्या वाळूच्या मधल्या रेघेवर उभी राहिले. खरं सांगते, त्या वेळी मला रडू यायच्या बेतात होतं आणि ते मी रागात बदलून घेतलं, कारण राग मला जास्त शोभतो.

थोड्या वेळाने बघते तर हे उठून चपला बाकड्यावर ठेवत होते. आधी ठेवल्या होत्या तिथे वाळू भिजली होती.

"पाणी वाढतंय," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "कुठून तरी सोडलं असणार."

मुली हसल्या. मला हसू आलं नाही. भरती-ओहोटी ह्यांना ठाऊक नव्हती असं कसं म्हणू. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचली आहे. पण वाचलेलं डोक्यात राहतं आणि नोकरी अंगात. ह्यांच्या अंगात एकच होतं, की पाणी चढलं म्हणजे कोणीतरी दरवाजा उघडला. गाडीत बसल्यावर मी खिडकीकडे तोंड केलं. "समुद्राला कुठला दरवाजा?" मी म्हटलं. "तीन तासांनी आपली बोट आहे. उद्या संध्याकाळी नाशिक. मग बसा आयुष्यभर कोरडे." हे रुमालाने बुटांवरची वाळू झटकत बसले. त्यांच्याशी भांडायला गेलं की नेहमी असंच, पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटचं ठिकाण महादेवाचं देऊळ. देऊळ कसलं, किनाऱ्याच्या खडकात एक कपार आणि तिच्यात पाच शिवलिंगं. वरून पायऱ्या उतरत जायचं. समुद्र थेट आत येतो, पिंडींवर पाणी घालतो आणि निघून जातो. अभिषेकाला माणूस लागतच नाही. मी वरूनच हात जोडले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. लाट आत शिरली की पाचही पिंडी फेसाखाली जात, पाणी ओसरलं की त्यांच्यावरची फुलं गायब. मुली खालच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक लाट मागच्यापेक्षा एक वीत वर येत होती आणि त्या दर वेळी किंचाळत होत्या. मी त्यांच्या चार पायऱ्या वर होते. हे माझ्या मागे.

एक मोठी लाट आली, मुलींच्या गुडघ्यांपर्यंत चढली, आणि माझ्या कानामागे कर्णा वाजला.

"पाण्यात उतरू नका! पात्रातून बाहेर या! सगळ्यांनी वर या!"

तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. जीपवरचा आवाज होता तो. कपारीत असा घुमला की मुली, भाभी, त्यांचे मिस्टर, फुलं विकणारी बाई, सगळे मुकाट्याने वर चढून आले. एक क्षण कोणालाच काय झालं कळेना. हे पायरीवर उभे, श्वास लागलेला, हात पुढे केलेला, आणि सगळे वर आले तरी तो खाली येईना. मी पटकन तो धरला. माझा सगळा हट्ट तिथेच संपला. नको उतरायला, काही नको, हा माणूस घरी नीट नेला म्हणजे झालं, असं वाटलं.

गाइड बाई वरून खाली आली. ती घाबरली नव्हती आणि हसलीही नाही. "क्या हुआ, काका?"

"पानी बढ रहा है," हे म्हणाले. "किसने छोडा?"

"कोई नहीं छोडता, काका. दिन में दो बार अपने आप आता है, अपने आप जाता है. मेरी दादी के टाइम से."

"अपने आप?"

"हाँ."

"लेकिन कोई तो जिम्मेदार होगा?"

बाईने जरा विचार केला. "जिम्मेदार," ती म्हणाली, "तो चाँद है. और कौन."

मागे मुली खुसखुसल्या. मालेगावच्या भाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या गप्प झाल्या. हे पायरीवर बसले. मीही शेजारी बसले. समोर पाणी येत होतं, पिंडी बुडत होत्या, वर येत होत्या. ह्यांच्या तोंडावरची ती पावसाळी आठी मी इतकी वर्षं बघत आले होते की ती जन्मापासून असावी असं मी धरून चालले होते. ती सैल होताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

"म्हणजे ह्याचा फोन कोणाला येत नाय," ते म्हणाले.

"नाही."

"बटण नाय."

"नाही हो."

मग ते वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. गाठी त्यांनी सकाळी इतक्या घट्ट मारल्या होत्या की एक मला सोडावी लागली. मोजे घडी करून बुटात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. उन्हाने कधी न बघितलेल्या त्या पांढऱ्याफटक पोटऱ्या. एक एक पायरी पायाने चाचपत ते खाली गेले. पाणी आलं, घोट्यांवरून गेलं. ते हलले नाहीत. दुसरं आलं, पोटऱ्यांपर्यंत. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. देवाशी बोलत होते की त्या मोटरवाल्याशी, ते मी विचारलं नाही, आजतागायत नाही.

आता माझी पाळी होती. ज्यासाठी मी रात्रभर जागले, चार महिने मनात घोळवलं, ते समोर दोन पायऱ्यांवर होतं. मी चप्पल काढली, ओल्या दगडाशी आले आणि माझे पाय थांबले. गंगेत उड्या मारणारी मी. वर्षानुवर्षं ऐकलेलं "उतरू नका" माझ्याही पोटऱ्यांत जाऊन बसलं होतं, आणि ते मला त्या क्षणी कळलं. लाट येताना दिसत होती. वर गाइड बाई घड्याळाकडे बघत होती.

ह्यांनी मागे वळून बघितलं. माझी अवस्था त्यांना लगेच कळली. असल्या चेहऱ्याची त्यांना सवय होती, काठावरच्या माणसांचे चेहरे बघण्यातच त्यांची नोकरी गेली होती. त्यांनी हात पुढे केला. या वेळी तळवा वर होता.

"उतर," ते म्हणाले. "हे मी सोडलेलं नाय."

मी उतरले.