पाटी न उतरवता

बाबांची गिरणीतली नोकरी सुटली, त्यांनी अंथरूण धरलं आणि मी कॉलेज सोडून अंधेरीला लाकडाच्या वखारीत लागलो. "घर सावरलं की बी.ए.ची परीक्षा देईन," असं मी येईल त्याला सांगे.

वखारीवरून रोज एक ख्रिस्ती भाजीवाली जाई. विधवा, घरी आंधळी सासू. डोक्यावर वांगी-मुळ्यांची भलीमोठी पाटी, तरी चाल ताठ. चर्चची बाराची घंटा झाली की भर उन्हात असेल तिथे थांबून, डोळे मिटून प्रार्थना पुटपुटे. पाटी डोक्यावरच.

एकदा मी म्हणालो, "मावशी, पाटी तरी उतरव. मी हात देतो."

"आज तू देशील रं, रोज कोन देल?" ती हसली. "ओझं उतरल्यावर देवबापाला हाक मारीन म्हटलं, तर जन्मात मारनार नाय. तो हाय म्हनून मान ताठ हाय. तुझी परीक्षा कवा?"

"घर सावरलं की."

"म्हंजे तू पाटी उतरायची वाट बघतोस!"

मला राग आला. खरं बोलली म्हणूनच आला. त्याच आठवड्यात फॉर्म भरला. बाबा अंथरुणावरच होते, वखारही चालूच होती. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी झालो.